जॅम का जमला नाही? दोष हाताचा नव्हे, पाण्याचा!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. चारठाण्याच्या बाजारात दिवस मावळायला आला की माळव्याचे आणि फळांचे भाव खाली येतात. कष्टकरी माणूस बाजाराला निघतो तोही त्याच वेळेला. आमच्या घरची मंडळी अशाच एका संध्याकाळी पिशवीभर पेरू घेऊन आली. पेरू पिवळेधमक, बोट लावले तर खड्डा पडेल इतके पिकलेले. म्हणूनच ते स्वस्त होते. मुलांना शाळेच्या डब्यात पोळीला लावायला काहीतरी गोड हवे होते. दुकानातली बाटली परवडत नाही, तेव्हा घरीच जॅम करू असे ठरले.

पेरू शिजवून, चाळणीवर घासून, बिया काढून दोन किलो गर निघाला. त्यात दीड किलो साखर घातली. चुलीवर मोठे पातेले चढले आणि लाकडी पळीने आळीपाळीने ढवळणे सुरू झाले. थोरली मुलगी नववीत शिकते. तिनेही हातभार लावला. फेस आला, शिंतोडे उडू लागले, मिश्रण जडसर वाटू लागले, तेव्हा पातेले उतरवले. रात्री बरण्या भरल्या. सकाळी झाकण काढून बरणी तिरपी केली तर जॅम नाहीच, नुसती काकवी! चमच्यावरून धार लागत होती.

दीड किलो साखर म्हणजे मजुरी करणाऱ्या घरात गंमत नव्हे. सगळ्यांचीच तोंडे उतरली. आमच्या आईने बरणीकडे पाहिले, मग नातीकडे पाहिले आणि ती म्हणाली, "इटाळ झाला. पोरगी बाजूला बसायची सोडून पळी घेऊन हुबी ऱ्हायली, मग काय व्हनार!"

पोरगी काही बोलली नाही. उठून आत गेली. आम्हीही काही बोललो नाही, आणि त्याची आज लाज वाटते.

विटाळ नावाचा जुना शब्द

वाचकहो, हा शब्द आपल्या घरात कुठून आला? याच शब्दाच्या बळावर आपल्या आजा-पणजांना पाणवठ्यावरून हाकलले गेले. आपल्या हाताने पाणी बाटते असे सांगितले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, ते हाच शब्द पुसण्यासाठी. माणसाच्या स्पर्शाने तळे बाटत नाही हे ज्यांनी जगाला सांगितले, त्यांच्याच घरात मुलीच्या स्पर्शाने जॅम बिघडतो म्हणायचे? लोणच्याला बुरशी आली, पापड लाल पडले, कुरडया फुटल्या, की बोट घरातल्या बाईकडेच. मासिक पाळी हा शरीराचा धर्म आहे. त्याने हाताला काही चिकटत नाही आणि पातेल्यात काही उतरत नाही.

पण नुसते असे म्हणून भागत नाही. आई विचारणार, मग बिघडले कशाने? त्याचे उत्तर देता आले पाहिजे. कारण दाखवल्याशिवाय खोटे कारण घराबाहेर जात नाही.

"काका, वजन केलं का?"

दुसऱ्या दिवशी परभणीला काम होते. अन्नप्रक्रियेचे शिक्षण घेतलेला ओळखीचा एक मुलगा भेटला. परभणीला १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, त्याला २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव आहे, आणि तिथे अन्नतंत्राचे महाविद्यालयही आहे. म्हणजे ही विद्या आपल्या जिल्ह्यातच शिकवली जाते. आम्ही त्याला सगळे सांगितले. त्याने एकच विचारले, "काका, वजन केलं का?"

घरी येऊन मुलीला म्हणालो, चल. दोघांनी किराणा दुकानाच्या काट्यावर बरण्या तोलल्या. रिकाम्या बरण्यांचे वजन वजा केले. जॅम भरला २ किलो ९०० ग्रॅम.

आता हिशेब असा. जॅम टिकायचा आणि घट्ट व्हायचा तर त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास साखर असावी लागते. आपल्या देशातील अन्नमानकांप्रमाणेही जॅममध्ये विरघळलेला घन भाग किमान ६५ टक्के आणि फळ बहुधा किमान ४५ टक्के असावे लागते. आमची साखर दीड किलो. पेरूच्या गरात स्वतःची गोडी आठ-नऊ टक्के धरली तर दोन किलोंत पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. एकूण सुमारे १ किलो ६७० ग्रॅम. हे वजन ६८ टक्के व्हायचे तर सगळा जॅम साधारण २ किलो ४५० ग्रॅम भरायला हवा होता. भरला २ किलो ९००. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो पाणी आत राहिले होते!

मुलीनेच वहीवर भागाकार केला. साखर भरली ५७-५८ टक्के. ती वही तिने आजीसमोर धरली. "आजी, बघ. हात नव्हता, पाणी होतं."

जॅम घट्ट होतो म्हणजे काय होते?

फळाच्या पेशींच्या भिंतीत एक पदार्थ असतो. त्याला पेक्टिन म्हणतात. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२५ साली तो वेगळा काढून त्याला हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच गोठणे, साकळणे असा आहे. पेक्टिनचे लांब लांब धागे असतात. एरवी ते पाण्यात वेगवेगळे तरंगतात, एकमेकांना दूर ढकलतात. आंबटपणा हे दूर ढकलणे थांबवतो. साखर त्यांच्या भोवतीचे पाणी ओढून घेते. मग धागे एकमेकांना धरतात, त्यांची जाळी तयार होते आणि जाळीत पाक अडकून बसतो. हाच घट्ट जॅम.

म्हणजे तिघांची जोडी जमावी लागते: पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. चौथा आग. यांतला एक जरी कमी पडला तरी बरणीत काकवी राहते. दही लागले नाही तर आपण विरजण बघतो, दूध किती गरम होते ते बघतो. तसेच इथे करायचे. एकेक कारण तपासायचे.

पहिले कारण: फळ फार पिकलेले

कच्च्या फळात पेक्टिन बांधलेल्या रूपात असते. फळ पिकू लागले की ते मोकळे होते आणि कामी येते. फार पिकले की फळातलेच घटक त्याचे तुकडे पाडतात, मग जाळी होत नाही. आमचे संध्याकाळचे स्वस्त पेरू याच जातीचे होते. उपाय सोपा आहे. चार भागांपैकी तीन भाग नुकतेच पिकलेले आणि एक भाग गदरलेले, अर्धकच्चे फळ घ्यावे. पिकलेल्या फळाने वास आणि चव येते, गदरलेल्याने घट्टपणा येतो. साल आणि बियांजवळचा भाग फेकू नये. तिथेच पेक्टिन जास्त असते. शिजवून मग गाळावे.

दुसरे कारण: आंबटपणा कमी

जॅमचा सामू ३ ते ३.३ च्या दरम्यान लागतो. पेरू, पपई, चिकू ही गोड फळे तेवढी आंबट नसतात. एक किलो गराला दोन मध्यम लिंबांचा रस, किंवा अर्धा लहान चमचा लिंबूसत्त्व घालावे. ते उकळणे संपत येताना घालावे. सुरुवातीलाच घालून खूप वेळ शिजवले तर पेक्टिन तुटते. आमच्या घरी लिंबू घातलेच नव्हते. पेरू आंबटगोड असतोच, मग लिंबू कशाला, असे वाटले. पण जास्त लिंबूही बरे नव्हे. जाळी आखडते आणि जॅमला वरून पाणी सुटते.

तिसरे कारण: साखर कमी, किंवा पाणी जास्त

एक किलो गराला पाऊण किलो साखर हे चांगले प्रमाण. फळ आंबट असेल तर किलोपर्यंत जावे. काटकसर म्हणून साखर अर्ध्यावर आणली तर जॅम बसत नाही आणि टिकतही नाही. गुळाचा जॅम करता येतो, पण गुळात शुद्ध साखरेचा भाग कमी असतो, आणि गूळ करताना रसात चुना घालतात. म्हणून लिंबू वाढवावे लागते आणि तरी जॅम मऊच राहतो. तो लवकर संपवावा.

चौथे कारण: आग आणि भांडे

एका वेळी फार मोठा घाणा घेऊ नये. एक किलो गर पुरे. मोठ्या पातेल्यात मंद आगीवर तासन्‌तास शिजत राहिले तर पाणी हळू जाते आणि पेक्टिन मरते. पसरट भांडे, मोठी आग आणि सतत ढवळणे. साखर विरघळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काम संपले पाहिजे. चुलीत पऱ्हाटी जळत असेल तर ती भडकते आणि लगेच बसते. म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी जाड लाकूड बाजूला काढून ठेवावे. भांडे स्टीलचे घ्यावे. कल्हई उडालेले पितळी भांडे आंबट पदार्थाला चालत नाही. आणि उकळत्या जॅमपासून लहान मुलांना दूर ठेवावे. त्याचा शिंतोडा कातडीला चिकटतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो.

उतरवायचे कधी?

पुस्तकात लिहिलेले असते की १०५ अंशाला जॅम तयार. हा आकडा समुद्रकाठचा. आपला परभणी भाग समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या वर आहे, इथे पाणीच सव्वा-दीड अंश आधी उकळते. थर्मामीटर असेल तर आधी साध्या उकळत्या पाण्याचा आकडा बघावा, त्यात पाच अंश मिळवावे. नसेल तर या तीन परीक्षा कराव्यात.

एक, ताटली: स्टीलची ताटली गार पाण्यावर ठेवून थंड करावी, तिच्यावर चमचाभर जॅम टाकावा. दोन मिनिटांनी बोटाने ढकलावा. वर सुरकुती पडली तर झाला. ही परीक्षा चालू असताना पातेले आगीवरून उतरवून ठेवावे.

दोन, पळी: पळी बुडवून आडवी धरावी. जॅम थेंब थेंब पडला तर कच्चा. दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे लोंबून तुटले तर तयार.

तीन, वजन: रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवावे. एक किलो गर आणि पाऊण किलो साखरेचा जॅम १२०० ते १२५० ग्रॅमवर आला की उतरवावा. ही परीक्षा सगळ्यांत खरी. गरम जॅम डोळ्यांना फसवतो, काटा फसवत नाही.

फळात पेक्टिन किती आहे हे आधीच बघायचे असेल तर एक चमचा शिजवलेला गार रस आणि दोन चमचे स्पिरिट वाटीत हलवावे. एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, दोन-चार तुकडे झाले तर मध्यम, नुसता चुरा दिसला तर कमी. हे मिश्रण चाखू नये, चुलीजवळ नेऊ नये, लगेच फेकून द्यावे.

आपल्या शिवारातले पेक्टिन

मोठे कारखाने सफरचंदाच्या चोथ्यातून आणि लिंबू-संत्र्याच्या सालीतून पेक्टिन काढतात आणि पुडीत विकतात. आपल्याला पुडीची गरज नाही. कवठ हे फळ आपल्याकडे हिवाळ्यात मिळते. त्यात पेक्टिनही आहे आणि आंबटपणाही. कवठाचा गर पाण्यात वीस मिनिटे उकळून गाळला की जो बुळबुळीत रस निघतो, तो पातळ जॅमचे औषध आहे. नुसत्या त्या रसाची साखर घालून जेलीही उत्तम होते. लाल अंबाडीची बोंडे तशीच. आवळा, गदरलेला पेरू, मोसंबीच्या सालीच्या आतला पांढरा भाग यांतही पेक्टिन पुष्कळ.

उलट पिकलेला आंबा, अननस, अंजीर, चिकू यांत ते कमी. यांचा जॅम करायचा तर पेरूचा रस मिसळावा. पपईला लिंबू विसरू नये. माळरानावर सीताफळ भरपूर येते, पण त्याचा जॅम करायच्या भानगडीत पडू नये. गर तापवला की कडवट होतो. सीताफळ ताजेच खावे.

बिघडलेला जॅम कसा सुधारावा?

पहिले औषध म्हणजे थांबणे. जॅम पूर्ण बसायला चोवीस तास लागतात, कधी दोन दिवसही. तासातासाला बरणी उघडून ढवळली तर बनत आलेली जाळी तुटते.

तरी पातळच राहिला तर वजन करावे. वजन जास्त भरले तर पाणी आटवायचे आहे. वजन बरोबर असून पातळ असेल तर पेक्टिन किंवा लिंबू कमी आहे. आमच्याकडे तिन्ही दोष होते. आम्ही काय केले ते सांगतो. जॅमचे दोन भाग केले. प्रत्येक भागात वाटीभर कवठाचा रस आणि दोन लिंबांचा रस घातला. मोठ्या आगीवर सतत ढवळून आटवला. दोन्ही मिळून वजन अडीच किलोवर आल्यावर उतरवला. कढत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या बरण्यांत गरम असतानाच भरला आणि हलवला नाही. दुसऱ्या दिवशी बसला. दुकानातल्यासारखा सुरीने कापावा असा नव्हे, मऊसर, पण चमच्यावर उभा राहणारा. रंग थोडा काळपट आला, कारण तो दोनदा शिजला होता. मुलांनी बोटे चाटली.

एकदाच असे करावे. पुन्हा पुन्हा उकळल्याने पेक्टिन उरतच नाही. दुसऱ्यांदाही नाही बसला तर त्याला जॅम म्हणू नये, पाक म्हणावे. पोळीला लावावा, उन्हाळ्यात पाण्यात घालून सरबत करावे. साखर वाया जात नाही.

मात्र वर बुरशी दिसली, किंवा आंबूस वास येऊन फेस धरला असेल, तर सगळी बरणी टाकावी. वरची बुरशी काढून खालचा जॅम खाऊ नये. बुरशीचे धागे आणि विष डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. ओला चमचा, ओली बरणी आणि कमी साखर ही बुरशीची तीन दारे. जॅममध्ये साखरेचे खडे झाले तर साखर जास्त किंवा लिंबू कमी. दगडासारखा झाला तर फार आटला.

घरापासून बाजारापर्यंत

आमच्या भागातल्या बचत गटांच्या भगिनी पापड, लोणची, चटण्या करून विकतात. जॅम आणि कवठाची जेलीही त्यांना विकता येईल. पण गिऱ्हाईक एकदा पातळ बरणी घेऊन गेले तर परत येत नाही. म्हणून प्रत्येक घाण्याची नोंद वहीत असावी: फळ किती, कसे पिकलेले, साखर किती, लिंबू किती, शेवटचे वजन किती. ही वहीच आपला कारखाना. खाद्यपदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी आवश्यक आहे, तीही करून घ्यावी.

आमच्या घरी ती वही आता मुलीकडे आहे. पहिल्या पानावर तिने लिहिले आहे, "वजन २९००, पाहिजे २४५०." बरण्या भरल्या त्या दिवशीही ती बाजूला बसली नाही. आई चुलीपासून लांब बसून बघत होती. सत्तर वर्षांची समजूत एका बरणीने जात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आठ-पंधरा दिवसांनी शेजारच्या घरचा मोरावळा पातळ झाला. तिथली सासू सुनेला बोलू लागली. आमची आई ओसरीवरूनच म्हणाली, "तिला कशाला बोलती माय? आधी काट्यावर ठिव की!"

तेवढे पुरे झाले. भगिनींनो, पुढच्या वेळी पातेल्यात काही बिघडले तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी काटा काढा, लिंबू बघा, फळ बघा. घरातली कुठलीच मुलगी बिघडलेल्या जॅमचे कारण नसते.